घोड्याच्या घरातलं प्यादं

बाबांनी दिलेलं इनलँड मी पोस्टात टाकलं नाही.

गेले होते टाकायला. आचोळे रोडच्या लाल डब्याच्या तोंडात अर्धं घातलंही होतं. मग परत ओढून काढलं, खिशात कोंबलं आणि घरी येऊन सांगितलं, "टाकलं."

"झाकण वाजवलंस ना? अडकतं ते."

"वाजवलं."

आत काय लिहिलंय ते मला पाठ होतं, कारण बाबा मला विचारून विचारूनच लिहीत होते. "क्षिते, सत्त्याऐंशी नंबर बघ गं. प्यादं कुठल्या पट्टीतलं?" मी पुस्तकात बघून म्हणायचे, "जी." मग ते आपल्या गोल गोल अक्षरात लिहिणार, खाली रेघ मारणार. बुद्धिबळाच्या कोड्यांच्या पुस्तकात त्यांना नऊ चुका सापडल्या होत्या आणि त्या प्रकाशकाला कळवायच्या होत्या. शेवटी लिहिलं होतं, ‘इतक्या ढोबळ चुका आपल्यासारख्या संस्थेस शोभत नाहीत. कळावे. श्रीरंग आयरे.’

तर ते पुस्तक. बाबांनी फोर्टातून फुटपाथवरून आणलेलं. कव्हर नाही, प्रकाशकाचा पत्ता तेवढा शेवटच्या पानाखाली, आणि कधीतरी पाणी लागून पुढची चार-पाच पानं एकमेकांना गच्च चिकटलेली. बाबा थेट कोडं नंबर एकपासून सुरू झाले. पुढच्या पानांत काय असणार? खेळ कसा खेळायचा ते. ते त्यांना गावाला, सातव्या वर्षी, देवळाच्या पायरीवर शिकवलं होतं.

आमच्याकडे बुद्धिबळ म्हणजे संध्याकाळच्या चहानंतर. बाबा ऑफिसातून येतात, पाय धुतात, पलंगावर मांडी घालतात. मोहरी मांडायचं काम माझं. पुस्तकात चित्र असतं आणि उत्तरं एकदम शेवटी, अक्षर-आकड्यांत. ‘ह डी-८’ म्हणजे हत्ती डी-आठ घरात. उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या एक ते आठ. प्याद्याला अक्षरच नाही, नुसतं घर लिहायचं. बिचारं. मला हे एका दिवसात जमलं.

"हे बरं जमतं," आई मशीनवरून म्हणायची. ती ब्लाउज शिवते, त्यामुळे तिचे टोमणे पण मापातच असतात. "तो बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म कपाटावर पडलाय, त्यात पण असेच चौकोन आहेत. भर की."

"आई, तू तुझी काजं कर."

शाळा मी नववीत सोडली. मॅडमनी माझा भूगोलाचा पेपर वर्गात मोठ्याने वाचून दाखवला, सगळा, थांबत थांबत. वर्ग हसला. मी डस्टर फेकला. मॅडमला नाही लागला, खिडकीला लागला. दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावलं, तिसऱ्या दिवशी मी गेले नाही, चौथ्या दिवशी पण नाही. त्याच आठवड्यात बाबा हे पुस्तक घेऊन आले आणि म्हणाले, "मला ते बारीक आकडे दिसत नाहीत गं. तू मांडत जा." दिसतात त्यांना. कालनिर्णयच्या मागचं सगळं वाचतात.

पत्र लिहून झालं त्या रविवारी मला दुपारी काही उद्योग नव्हता. चिकटलेल्या पानांत मी स्टीलची पट्टी घातली आणि हळूहळू सोडवली. दोन ठिकाणी टरकली, पण वाचता येत होती. चौथ्या पानावर हे होतं: प्यादे शेवटच्या ओळीत पोचल्यावर खेळाडू आपल्या इच्छेनुसार त्याचा वजीर, हत्ती, उंट किंवा घोडा करू शकतो.

इच्छेनुसार.

मी पुस्तक घेऊन बाबांच्या नऊच्या नऊ चुका तपासल्या. प्रत्येक ठिकाणी प्यादं शेवटच्या घरात गेलेलं. पुस्तकाने त्याचा वजीर केलेला आणि बाबांनी पेन्सिलीने बाजूला लिहिलेलं, ‘चूक. येथे उंट होतो.’ ‘चूक. येथे हत्ती होतो.’ कारण बाबांच्या गावाला प्यादं ज्या घरात पोचेल त्या घराचं मोहरं होतं. हत्तीच्या घरात पोचलं तर हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. वजीर पाहिजे तर वजिराच्या नाहीतर राजाच्या पट्टीतूनच चालत जायचं. त्यांना वाटायचं, जगात सगळीकडे असंच.

ऑफिसात खेळत नाहीत का? खेळतात, बावीस वर्षं. पण लंच अर्ध्या तासाचा, त्यातली वीस मिनिटं डब्याला. उरलेल्या दहा मिनिटांत कुणाचंच प्यादं शेवटपर्यंत पोचत नाही. पाणी पिऊन सगळे टेबलावर परत.

मला आधी हसू आलं. मग ते पत्र कुठल्यातरी ऑफिसात कुणीतरी फोडतंय असं दिसलं. तो शेजारच्याला म्हणतोय, अरे ऐक, ऐक. मोठ्याने वाचतोय. थांबत थांबत.

म्हणून नाही टाकलं. घरी आल्यावर इनलँड पुस्तकातच ठेवलं, मागच्या उत्तरांच्या पानांत. बाबा उत्तरं बघत नाहीत. ती मी बघायची आणि त्यांना फक्त "हो" किंवा "नाही" सांगायचं, अडलंच तर वाचून दाखवायचं, असा आमचा नियम.

आता बाबांना सांगायचं एवढंच राहिलं होतं. आणि तेवढ्यात बिल्डिंगखाली बोर्डावर कागद लागला. सव्वीस जानेवारी, झेंडावंदनानंतर पार्किंगमध्ये बुद्धिबळ कोडी स्पर्धा, सर्व वयोगटांसाठी. परीक्षक ज्युलियस सर. खाली नावं लिहायला रेघा मारल्या होत्या आणि पहिल्या रेघेवर गोल गोल अक्षरात श्रीरंग आयरे.

ज्युलियस सर नंदाखाल गावचे. वसईच्या एका शाळेत गणित शिकवून रिटायर झाले आणि आता स्कूटरवरून गावोगावच्या पोरांना बुद्धिबळ शिकवत फिरतात. त्यांच्यासमोर, अख्ख्या बिल्डिंगसमोर बाबा म्हणणार की येथे उंट होतो.

त्या संध्याकाळी मी म्हटलं, "बाबा, पुढची पानं सुटली. वाचा ना एकदा."

"ती नवशिक्यांसाठी असतात."

"तरी पण."

"क्षिते, मी तुझ्या अर्ध्या वयाचा होतो तेव्हापासून खेळतोय. तू सत्तावन्न नंबर लाव."

दुसऱ्या दिवशी म्हटलं, "बाबा, समजा, प्याद्याचं काय करायचं ते आपणच ठरवायचं असलं तर?"

"कोणी ठरवायचं?"

"खेळणाऱ्याने."

बाबा हसले. "मग काय, सगळे वजीरच करतील. कोण वेडा उंट करेल? जिथे पोचलं तिथलं काम करायचं. असा हिशोब आहे तो."

हे त्यांनी इतक्या प्रेमाने सांगितलं की मला पुढे बोलवेना. आणि बोलवेना म्हणून राग आला. "तुम्हाला कोण काय सांगणार! तुम्हाला सगळंच माहीत!" असं ओरडून मी बाहेर गेले. चपला पण उलट्यासुलट्या घातल्या.

मागून आईचा आवाज. "काय झालं हो हिला?"

"काय माहीत. प्याद्यावरून चिडली."

सव्वीस तारखेला झेंडा झाला, जिलेबी झाली. पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या. ज्युलियस सरांनी दोन खांबांच्या मध्ये दोरीवर कापडाचा मोठा पट टांगला. चौसष्ट खिसे असलेला, त्यांच्या मिसेसनी, हिल्डाबाईंनी शिवलेला. खिशात पुठ्ठ्याची मोहरी खोचायची, म्हणजे मागच्यांना पण दिसतं. आई तो शिवलेला बघायला अगदी जवळ जाऊन आली. "टीप सरळ आहे बाईची," म्हणाली. तिच्यासाठी स्पर्धा तिथेच संपली.

"पाच कोडी," सर म्हणाले. "प्रत्येकाला दोन मिनिटं. चिठ्ठीवर नाव आणि फक्त पहिली चाल. मोहऱ्याचं अक्षर, मग घर. प्याद्याला अक्षर नाही, नुसतं घर. बडबड नाही, खाणाखुणा नाहीत. आणि पहिल्या नंबराला आमच्या घरची सुकेळी." त्यांनी केळीच्या सोपटात बांधलेला पुडा वर धरला. वाळवलेल्या राजेळी केळ्यांचा वास पार मागे आला. "हे बायकोने केलंय. मी फक्त उचलून आणलंय."

बाबा पुढे बसले, पांढरा शर्ट, खिशाला पेन्सिल. मी मागे, मांडीवर आमचं पुस्तक घेऊन. ते जवळ ठेव असं बाबाच म्हणाले होते, शकुन म्हणून.

चौदा जण खेळायला बसले होते. चार कोडी झाली तेव्हा दोघंच चारपैकी चारवर होते. एक बाबा. दुसरा तिसऱ्या मजल्यावरचा हर्षवर्धन, अकरावी सायन्स, बुद्धिबळाचा क्लास लावलेला. त्याची चिठ्ठी अर्ध्या मिनिटात जायची आणि मग तो बोटं मोडत बसायचा. चारही कोड्यांत एकही प्यादं शेवटाला गेलं नाही. मी जितक्या देवांची नावं माहीत होती तितकी घेतली. आता एकच राहिलं होतं.

सरांनी पाचवं लावलं.

मोहरी मोजून सहा. काळ्याचा राजा उजव्या कडेला, त्याच्या मागेच त्याचं एकुलतं एक प्यादं. पांढऱ्याचा राजा जवळ उभा, खाली दोन प्यादी आणि तिसरं प्यादं वर, जी पट्टीत, सातव्या घरात. शेवटच्या घरापासून एक पाऊल.

"पांढऱ्याची चाल. जिंका."

संपलं, मी म्हटलं. जी पट्टी, घोड्याचं घर. बाबा घोडा करणार आणि सगळे हसणार. हर्षवर्धनने पंधरा सेकंदांत चिठ्ठी दिली. मागून कुणीतरी म्हणालं, "हे तर बच्चा पण सांगेल, वजीर!"

"बडबड नाही," सर म्हणाले, पण गालात हसले. ते हसू मला खटकलं.

मी पटाकडे परत बघितलं. वजीर केला तर? काळ्या राजाची सगळी घरं बंद. त्याचं प्यादं पण त्याच्याच अंगाला अडलेलं. पण वजीर त्याला शह देतच नव्हता. म्हणजे काळ्याला शह नाही आणि हलायला जागा पण नाही. राजा नुसता कोंडला. मात नाही, डाव बरोबरीत. हत्ती केला, तेच. उंट केला, तेच. आणि घोडा केला तर? जी-आठवरून घोडा अडीच घरं उडी मारतो ती थेट राजाच्या अंगावर.

मात.

माझ्या हातातून पुस्तक खाली पडलं. बाबांनी वळून बघितलं, डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी पुस्तक उचलून मांडीवर घेतलं आणि मान हलवली, काही नाही. ते परत वळले आणि आरामात, एक-एक अक्षर कोरत चिठ्ठी लिहिली.

सरांनी चिठ्ठ्या उघडल्या. "जी-आठ, वजीर. बरोबरी. जी-आठ, वजीर. बरोबरी. हर्षवर्धन, जी-आठ वजीर. काय रे बाबा, क्लास लावलाय ना?" हर्षवर्धनची बोटं मोडायची थांबली. तो पटाकडे बघायला लागला आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. अकरा चिठ्ठ्या वजिराच्या, दोन कोऱ्या. शेवटची हातात धरून सरांनी चष्मा वर केला, परत खाली केला.

"श्रीरंग आयरे. जी-आठ. एवढंच?"

"हो, एवढंच," बाबा म्हणाले.

"आयरे, पण प्याद्याचं काय केलंत? वजीर की काय?"

"घोडा." बाबांना प्रश्नच कळला नव्हता. "घोडाच. दुसरं काय होणार?"

पार्किंगमध्ये एकदम गलका. हर्षवर्धन उभा राहिला. "सर, हे चीटिंग आहे. तुम्ही आत्ता सांगितलंत वजीर चुकलं म्हणून, आणि आता काका म्हणतायत घोडा! चिठ्ठीवर कुठेय घोडा? मनात वजीरच होता त्यांच्या. हवं तर शपथ घ्यायला सांगा."

"मी कशाला शपथ घेऊ?" बाबांचा आवाज बारीक झाला. "मी घोडाच धरला होता."

"आता काय, काहीही सांगतील," कुणीतरी मागून म्हणालं.

बाबा इकडेतिकडे बघायला लागले. ऑफिसात बावीस वर्षं ज्याच्या सहीवर कुणी शंका घेतली नाही तो माणूस, पाच रुपये सापडले तर वॉचमनकडे नेऊन देणारा, पेन्सिल हातात धरून सतरंजीवर बसला होता आणि लोक त्याला खोटा म्हणत होते.

पुरावा माझ्या मांडीवरच्या पुस्तकात होता, ते न टाकलेलं इनलँड. पण तो बाहेर काढला तर बाबा खरे ठरणार आणि त्याच मिनिटाला वेडे पण ठरणार. काय करायचं ते मला ठरवता येईना. मग हर्षवर्धन हसून म्हणाला, "काका, सुकेळीच पाहिजेत तर माझ्यातली देतो की." आणि ठरवायचं काम राहिलंच नाही. माझं डोकं फिरलं.

"ए सायन्स!" मी सतरंजीवरून अशी गेले की दोघांच्या हातांवर पाय पडला. "बस खाली. माझे बाबा खोटं बोलत नाहीत. चुकतात. पण खोटं बोलत नाहीत. सर, हे फोडा. वरची तारीख बघा आणि सत्त्याऐंशी नंबरचं वाचा."

मी पुस्तकातून काढून दिलेलं इनलँड सरांनी स्कूटरच्या किल्लीने फोडलं आणि मास्तरी आवाजात वाचलं. "‘दिनांक नऊ जानेवारी. कोडे क्रमांक सत्त्याऐंशी. येथे प्यादे जी पट्टीत शेवटच्या घरात गेले आहे. ते घोड्याचे घर आहे. तेथे वजीर कसा होईल? कृपया दुरुस्ती करावी.’" ते थांबले. पुढचं मनात वाचायला लागले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. "आयरे, नऊ दुरुस्त्या? ‘आपल्यासारख्या संस्थेस शोभत नाहीत?’"

सगळं पार्किंग हसलं. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतले पण हसले. तेच हसू, वर्गातलं. मी डोळे मिटले. हाताजवळ डस्टर नव्हता हे बरं.

"क्षिते." बाबा जवळ आले होते. "हे तू टाकलं नव्हतंस?"

"नाही."

"का?"

मी पुस्तक उघडून चौथं पान त्यांच्यापुढे धरलं. बाबांनी उभ्या उभ्या वाचलं. बोट फिरवत, बारीक आकडे दिसत नसलेल्या माणसासारखं. ‘इच्छेनुसार’वर बोट थांबलं.

"म्हणजे नऊच्या नऊ?"

"नऊच्या नऊ."

"तुला कधीपासून माहीत?"

"पत्र लिहिलंत त्या दिवसापासून."

आता ओरडतील असं मला वाटलं. बाबांनी पटाकडे बघितलं, पत्राकडे बघितलं. आणि एकदम हसायलाच लागले. असे की त्यांना खांब धरावा लागला. "म्हणजे आमच्या गावात..." परत हसले. "आमच्या गावात ज्याला ज्याला म्हणून मी हरवलं..." पुढे बोलताच येईना. त्यांना बघून लोक आणखी हसले, पण आता कोण कुणाला हसतंय ते कळत नव्हतं. आई पण पदर तोंडाला लावून हसत होती. मी एकटीच रागावलेली उभी, आणि तसं उभं राहणं फार वेळ जमत नाही.

डोळे पुसून बाबा सरांना म्हणाले, "सर, माझा गुण कापा. निवडायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं, तर निवडलं कसं म्हणणार?"

ज्युलियस सरांनी पुड्याकडे बघत डोकं खाजवलं. "अडतीस वर्षं मी पोरांना पायऱ्यांचे मार्क दिले. पायऱ्या बरोबर, उत्तर चूक, तरी अर्धे मार्क. इथे उत्तर बरोबर, पायरी चूक. अर्धा मिळालाच पाहिजे. साडेचार." त्यांनी पुडा बाबांच्या हातात दिला. "पण पुढच्या वेळी अक्षर लिहायचं, आयरे. वजीर असो, घोडा असो. तुमच्या गावाबाहेरच्यांना कळत नाही."

हर्षवर्धन जिन्यात भेटला. "सॉरी काका," म्हणाला, माझ्याकडे न बघता. बाबांनी पुडा सोडून त्याला दोन सुकेळी दिली आणि म्हणाले, "संध्याकाळी ये. गावच्या नियमांनी खेळू. बघू तुझा क्लास."

दुपारी बाबा खोडरबर घेऊन बसले. नऊ ठिकाणची ‘चूक’ खोडायला लागले. सत्त्याऐंशी नंबरला पोचल्यावर म्हणाले, "हे राहू दे." मी पण म्हटलं, राहू दे.

मग पुढची पानं उलटून बघितली. "तू ही कशाने सोडवलीस?"

"पट्टीने."

"दोन ठिकाणी फाटली."

"मग? तुम्ही तर सोडवलीच नव्हती."

"हं," बाबा म्हणाले. आणि आईकडे नवं इनलँड मागितलं.

अर्धा तास लिहीत होते. लिहून झाल्यावर मला वाचायला दिलं. ‘महोदय, आपल्या कोड्यांच्या पुस्तकात एकही चूक आढळली नाही. मात्र माझ्या प्रतीची पाने तीन ते सहा एकमेकांस चिकटलेली होती, त्यामुळे मोठा घोटाळा झाला. सदर पाने माझ्या मुलीने सोडवली. पुढील आवृत्तीत नियम शेवटीही छापावेत, म्हणजे आमच्यासारख्यांच्या दृष्टीस पडतील. कळावे. श्रीरंग आयरे, क्षितिजा आयरे.’

"माझं नाव कशाला?"

"तूच वाचलंस ना ते पान."

पत्र घेऊन मी आचोळे रोडला गेले. डब्यात टाकलं आणि झाकण दोनदा वाजवलं. अडकतं ते.